गॅबापेंटिनचा शरीरातला मुक्काम: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

नागिणीचे फोड उजव्या बरगडीवरून पाठीकडे पसरले, तीन आठवड्यांत खपल्या धरून गळूनही गेले, आणि खरे दुखणे त्यानंतर सुरू झाले. सदऱ्याचे कापड नुसते घासले तरी त्या पट्ट्यात आग व्हायची, मध्येच विजेसारखी चमक निघायची, आणि दिवसा हात लावल्यावर जी जागा बधिर वाटायची तिच्यातच रात्री ठणका लागायचा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी गॅबापेंटिनच्या कॅप्सूल सुरू केल्या. माझे वय 58 आहे, मूत्रपिंडांच्या तपासण्या तेव्हा व्यवस्थित होत्या, आणि हे औषध मी सलग नऊ महिने घेतले. औषध गुणकारी आहे का, एवढाच प्रश्न असेल तर माझ्यापुरते उत्तर होकारार्थी आहे. परंतु या नऊ महिन्यांत आराम, गुंगी, पहाटेची जाग, चुकलेला डोस यांतील जे जे अनुभवाला आले, त्या प्रत्येकाचे कारण शोधताना मी एकाच मुद्द्यावर येऊन थांबलो: हे औषध अंगात किती वेळ टिकते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्याच गुणाचे आहे.

मूत्रपिंडे नीट काम करत असलेल्या प्रौढ माणसात गॅबापेंटिनचे अर्धायुष्य साधारण 5 ते 7 तास असते. याचा अर्थ एवढाच, की रक्तात आज सकाळी 100 भाग औषध असेल आणि पुढचा डोस घेतला नाही, तर सहा-सात तासांनी 50 भाग उरतात, पुन्हा तेवढ्याच वेळाने 25, मग साडेबारा, असे ते उतरत जाते. पाच अर्धायुष्ये लोटली की सुमारे 3 भाग शिल्लक राहतात आणि व्यवहारात तेथे औषध संपले असे धरतात. हा हिशेब 25 ते 35 तासांवर येतो, म्हणजे फार तर दीड दिवस. नियमित डोस चालू असतानाही हेच गणित उलट्या बाजूने लागू पडते: एक-दोन दिवसांत रक्तातली पातळी स्थिरावते आणि त्यानंतर त्याच मात्रेवर ती चढत राहत नाही. ‘महिनोन्‌महिने घेतले तर औषध अंगात साठेल’ ही भीती मला सुरुवातीला होती. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ती निराधार आहे. नसतील तर मात्र चित्र पार बदलते, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या औषधाची बाहेर पडण्याची रीत विलक्षण सरळ आहे. बहुतेक औषधांवर यकृत काम करते, त्यांचे तुकडे करते, त्या तुकड्यांपैकी काहींना स्वतःचा परिणाम असतो, आणि मग ते पित्तातून किंवा लघवीतून जातात. गॅबापेंटिनला यकृत जवळपास हातच लावत नाही. रक्तातल्या प्रथिनांना त्याचा 3 टक्क्यांहूनही कमी भाग चिकटतो, आणि जसे आत शोषले गेले तसेच्या तसे ते मूत्रपिंडांतून गाळले जाऊन लघवीत उतरते. नसांच्या दुखण्यासाठीच दिल्या जाणाऱ्या इतर औषधांशी तुलना केली की या साधेपणाची किंमत कळते. ॲमिट्रिप्टिलिन यकृतातून जाते आणि त्याचे जे रूपांतर होते ते नॉरट्रिप्टिलिन स्वतःच एक काम करणारे औषध आहे. त्यामुळे त्याचा मुक्काम लांबतो आणि सकाळी उठल्यावर डोके जड राहू शकते. कार्बामाझेपिनची तऱ्हा आणखी निराळी. ते यकृतातली स्वतःलाच मोडणारी यंत्रणा जागी करते, त्यामुळे पहिल्या दिवसांत ते अंगात जितके टिकते त्याच्या निम्म्यानेही काही आठवड्यांनंतर टिकत नसल्याचे दिसू शकते. गॅबापेंटिनमध्ये असली गुंतागुंत नाही, आणि इतर औषधे चालू असलेल्या माणसाच्या दृष्टीने मी हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानतो.

दोषही याच गुणातून निघतो. सहा-सात तासांत निम्मे होणारे औषध दिवसातून तीनदा घ्यावे लागते. माझी सुरुवात ठरलेल्या पद्धतीने झाली: पहिल्या दिवशी 300 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. तीन वेळा म्हणजे सकाळी, दुपारी आणि रात्री, असा अर्थ मी घेतला आणि सकाळी 8, दुपारी 1, रात्री 8 असे बांधून टाकले. रात्री 8 ते सकाळी 8 या बारा तासांच्या दरीत पहाटे साडेतीनच्या सुमारास ठणका मला नेमाने उठवू लागला. औषध कमी पडते आहे असे समजून मी मात्रा वाढवून मागणार होतो; डॉक्टरांनी मात्रेला हात न लावता केवळ वेळा बदलायला सांगितल्या. सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 असे केल्यावर चौथ्या दिवसापासून पहाटेची जाग थांबली. बाटलीवर ‘दिवसातून तीन वेळा’ असे छापण्याऐवजी ‘दर आठ तासांनी’ असे छापले असते तर माझे दोन आठवडे वाचले असते, ही माझी पहिली तक्रार.

आता शोषणाविषयी, कारण टिकण्याचा प्रश्न आत किती गेले यापासून सुरू होतो. गॅबापेंटिन आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपत नाही. अमिनो आम्लांना आत घेणारी जी वाहक प्रथिने लहान आतड्याच्या वरच्या भागात असतात, त्यांच्याच मदतीने ते रक्तात शिरते. आणि या वाहकांची क्षमता मर्यादित असते. दारात गर्दी झाली की उरलेले औषध पुढे सरकते आणि शौचावाटे वाया जाते. दिवसाची मात्रा 900 मिलिग्रॅम असताना, तीन भागांत विभागून घेतल्यास, सुमारे 60 टक्के औषध रक्तात पोहोचते. 1200 ला हे प्रमाण 47 टक्के होते, 2400 ला 34 आणि 3600 ला 33 टक्के. गुणाकार करून पाहिला तेव्हा मी चकित झालो. 900 चे 60 टक्के म्हणजे 540 मिलिग्रॅम, आणि 1200 चे 47 टक्के म्हणजे 564. दिवसाला 300 मिलिग्रॅमची एक अख्खी कॅप्सूल वाढवली, आणि पदरात सरासरी 24 मिलिग्रॅम पडले. 1200 वरून दुप्पट करून 2400 वर गेल्यासही आत जाणारे औषध दीडपटीच्या आतच राहते. ही सरासरी आहे आणि माणसागणिक फरक पडतो, तरीही ‘दोन घेतल्या म्हणजे दुप्पट आराम’ हा हिशेब या औषधाला लागू नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. उलट तेवढेच औषध अधिक भागांत विभागले तर दारातली गर्दी कमी होते, म्हणून तीन वेळांचा जाच अगदीच निरर्थक नाही.

पोटातल्या जळजळीसाठी घेतली जाणारी ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची औषधे याच शोषणात आडवी येतात आणि रक्तात पोहोचणारे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी घटवतात. त्यांच्यानंतर निदान दोन तास थांबून गॅबापेंटिन घ्यावे असे सांगितले जाते. जेवणाचा परिणाम किरकोळ आहे. मी ते उपाशीपोटीही घेतले आणि भरल्यापोटीही, फरक जाणवला नाही.

रक्तात असणे आणि काम करणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. कॅप्सूल घेतल्यावर दोन-तीन तासांत पातळी शिखरावर जाते, आणि माझी गुंगीही बरोबर त्याच वेळी चढायची: जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागे, वाचताना ओळ सुटे, बोलताना नेहमीचा शब्द सापडत नसे. वेदना मात्र पहिल्या आठवड्यात जशीच्या तशी होती. म्हणजे त्रास तासांच्या घड्याळावर चालत होता आणि गुण आठवड्यांच्या. दुसरा आठवडा संपता संपता गुंगी ओसरली आणि आग कमी होऊ लागली, ती अशा संथपणे की नेमका दिवस सांगता येणार नाही. हे औषध मज्जातंतूंच्या टोकांवरील कॅल्शियमच्या मार्गांच्या एका विशिष्ट घटकाला जाऊन चिकटते, त्यामुळे अतिउत्तेजित झालेल्या तंतूंमधून वेदनेचा संदेश पुढे नेणारी रसायने कमी सुटतात. ‘गाबा’ नावाच्या मेंदूतील रसायनाच्या धर्तीवर ते घडवले गेले आणि नावातही तेच आले, पण गाबाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून गाबा काम करते त्यांच्यावर, ते काम करत नाही. नावाने केलेली ही दिशाभूल आता कायमचीच. वाहन चालवण्याविषयी मी एवढेच म्हणेन की पहिला महिना मी चालवले नाही, आणि तो निर्णय योग्य होता.

मात्रा 1800 पर्यंत नेल्यावर घोट्यांना थोडी सूज आली. नागिणीनंतरच्या वेदनेत 1800 मिलिग्रॅमच्या वर गेल्याने अधिक लाभ होत असल्याचे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही, असे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. मला तर 1200 आणि 1800 मध्येही आरामाचा मोठा फरक दिसला नाही, म्हणून सल्ल्याने पुन्हा 1200 वर आलो आणि सूज गेली.

मूत्रपिंडांचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला होता, कारण येथे माझा अनुभव माझ्या आत्यामुळे पुरा झाला. तिचे वय 76, वजन 41 किलो. पायांची आग होते म्हणून तिलाही हेच औषध, 300 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असे लिहून देण्यात आले. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होऊन मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकला जाणारा रक्तातला टाकाऊ पदार्थ, 1.1 होते आणि अहवालात त्या आकड्यापुढे कोणतीही खूण नव्हती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. चौथ्या दिवशी ती बसल्या जागी पेंगू लागली, उठवली तर तोल जाई, आणि हाताला अचानक झटका बसून हातातले भांडे खाली पडे. वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र मांडून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढली तर ती मिनिटाला 28 मिलिलिटरच्या आसपास येते. म्हातारपणी स्नायू आटतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, आणि आकडा सभ्य दिसत असतानाही गाळणी निम्म्याहून अधिक बंद झालेली असू शकते. या क्षमतेला दिवसाची मात्रा 200 ते 700 मिलिग्रॅम, आणि तीही दिवसातून एकदाच, अशी शिफारस माहितीपत्रकातल्या कोष्टकात आहे. ते कोष्टक नंतर मी भिंग घेऊन वाचले.

कारण उघड आहे. ज्या औषधाला बाहेर पडायला मूत्रपिंड हा एकच दरवाजा, त्याचा मुक्काम त्या दरवाजाच्या रुंदीवर ठरतो. गाळण्याची क्षमता मिनिटाला 60 मिलिलिटरच्या वर असलेल्यांत अर्धायुष्य सुमारे साडेसहा तास आढळले, तर 30 च्या खाली असलेल्यांत ते सुमारे 52 तास. वरचाच हिशेब लावला तर पाच अर्धायुष्ये म्हणजे 260 तास, जवळजवळ अकरा दिवस. ज्यांची लघवी पूर्ण बंद आहे अशा रुग्णांत, डायलिसिस नसलेल्या दिवशी अर्धायुष्य 132 तासांपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि यंत्रावर घेतले की तेच 3.8 तासांवर येते. म्हणूनच डायलिसिसनंतर त्यांना वेगळा पूरक डोस द्यावा लागतो. ‘हे औषध किती काळ शरीरात राहते’ या प्रश्नाला दीड दिवस हेही उत्तर खरे आहे आणि तीन-चार आठवडे हेही. आत्याचे औषध दुसऱ्या डॉक्टरांनी कमी केले तेव्हा ती दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येईल असे आम्हाला वाटत होते. पूर्ववत व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात ‘भरपूर पाणी पाजा, धुऊन निघेल’ असाही सल्ला मिळाला. लघवी पातळ झाल्याने गाळणीची ताकद वाढत नाही, त्यामुळे त्या सल्ल्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नव्हता.

माझ्या बाबतीत उलट प्रकारची चूक घडली. पाचव्या महिन्यात प्रवासाला निघताना औषधाची पिशवी घरी राहिली आणि दोन दिवस एकही कॅप्सूल मिळाली नाही. पहिल्या रात्री ठणका परतला, हे अपेक्षितच होते. दुसऱ्या रात्री झोप पूर्ण उडाली, अंगाला घाम सुटत होता, मळमळत होते आणि उगाच छाती धडधडत होती. रक्तातून औषध गेलेले असले तरी त्याच्या सोबतीची सवय झालेली मज्जासंस्था इतक्या लवकर सावरत नाही. शरीर एक-दोन दिवसांत रिकामे होते म्हणून औषधही एक-दोन दिवसांत सोडता येते, असा अर्थ काढणे घातक आहे. फेफऱ्यासाठी ते घेणाऱ्यांना तर अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात. किमान एक आठवडा घेऊन उतरत जावे असे माहितीपत्रक सांगते, आणि माझ्या डॉक्टरांनी मला त्याहून बराच संथ उतार आखून दिला. चुकलेला डोस पुढच्या डोसबरोबर दुप्पट करून घेण्याचा मोह मात्र टाळला, आणि शोषणाचे आकडे पाहिले तर त्यातून फायदाही फारसा झाला नसता.

प्रेगाबॅलिन हे याच कुळातले पुढचे औषध. त्याचे अर्धायुष्यही सुमारे 6.3 तास, तेही मूत्रपिंडांवाटेच जाते, पण शोषणात ते फार पुढे आहे: मात्रा कितीही असो, 90 टक्के किंवा अधिक भाग रक्तात पोहोचतो आणि उपाशीपोटी दीड तासात शिखर गाठतो. त्यामुळे त्याचा हिशेब सरळ रेषेत चालतो आणि दिवसातून दोनदा घेऊनही भागते. मी ते वापरलेले नाही, म्हणून आरामाची तुलना करत नाही. कागदावर मात्र या एका बाबतीत ते उजवे आहे. गॅबापेंटिनचीही लांबवलेली रूपे निघाली आहेत, त्यांपैकी एका प्रकारची गोळी पोटात फुगून बराच वेळ तेथेच राहते आणि औषध हळूहळू सोडते, म्हणून संध्याकाळच्या जेवणाबरोबर दिवसातून एकदाच पुरते. साध्या कॅप्सूलच्या जागी ती तेवढ्याच मिलिग्रॅमला बदली म्हणून घेता येत नाही.

इतर औषधांशी गॅबापेंटिनचे भांडण कमी, हे वर म्हटले. अपवाद गंभीर आहे. अफूवर्गीय वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्या जोडीला ते श्वास मंदावू शकते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये तशी स्पष्ट सूचना दिली; वृद्ध आणि फुप्फुसांचे विकार असलेले यांना हा धोका अधिक. मॉर्फिनसोबत दिल्यावर रक्तातले गॅबापेंटिन सुमारे 44 टक्क्यांनी वाढल्याचेही आढळले आहे. ब्रिटनने तर एप्रिल 2019 पासून गॅबापेंटिन आणि प्रेगाबॅलिन ही दोन्ही औषधे नियंत्रित यादीत टाकली. जाता जाता एक बारीक गोष्ट: लघवीतील प्रथिने पाहण्याच्या काही पट्ट्या या औषधामुळे खोटा दोष दाखवू शकतात, तेव्हा तपासणीच्या वेळी ते चालू असल्याचे सांगावे.

पाचपैकी मी या औषधाला साडेतीन गुण देतो. अर्धा गुण तीन वेळांच्या जाचासाठी कापला, आणि पूर्ण एक गुण त्या कोष्टकासाठी, जे पाकिटावर ठळक छापायला हवे होते आणि घडी घातलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. आत्या आता दिवसातून एकदा, रात्री, 200 मिलिग्रॅम घेते आणि तिला तेवढे पुरते. माझा उतार गेल्या आठवड्यात संपला. शेवटची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल मंगळवारी रात्री 11 वाजता घेतली, म्हणजे हिशेबाने गुरुवारी सकाळपर्यंत ती अंगातून गेलेली असणार. बरगडीवरचा पट्टा अजून थोडा बधिर आहे, पण सदरा घातलेला समजत नाही.